साथीदाराची मैफल: स्टीव्ह हॅकेटचा पहिला एकल अल्बम

माझ्याकडे नव्वद मिनिटांची एक जुनी कॅसेट आहे. तिच्या एका बाजूला द. वि. पलुसकरांच्या चिजा आणि भजने आहेत, आणि दुसऱ्या बाजूला स्टीव्ह हॅकेट या इंग्रज गिटारवादकाचा १९७५ साली आलेला 'व्हॉयेज ऑफ द अ‍ॅकोलाइट' हा पहिला एकल अल्बम आहे. ही जोडी कोणी विचारपूर्वक लावलेली नव्हती. मुंबईत नोकरी करणाऱ्या माझ्या मामांनी कोणाकडून तरी मिळालेल्या तबकडीवरून हा अल्बम उतरवून घेतला, आणि कोरी कॅसेट महाग असल्यामुळे दुसरी बाजू वाया जाऊ नये म्हणून तीवर पलुसकर भरले. पलुसकरांचा जन्म १९२१ साली नाशिकचा आणि त्यांचे वडील विष्णु दिगंबर यांचा आश्रम आमच्या पंचवटीतला, त्यामुळे आमच्या घरात त्या बाजूला आपोआप मान होता. दुसऱ्या बाजूला मात्र आजीने 'ती किंचाळी' असे नाव ठेवले होते. तिच्या मनात अल्बममधले तिसरेच गाणे असणार, कारण बाकीच्या पस्तीसेक मिनिटांत किंचाळण्यासारखे फारसे काही नाही.

मी अकरावीत असताना, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या आरंभी, ती बाजू पहिल्यांदा नीट ऐकली. सराफ बाजारामागच्या आमच्या वाड्यातला टेपरेकॉर्डर थोडा वेगाने फिरत असे, त्यामुळे मी कितीतरी वर्षे हा अल्बम त्याच्या मूळ पट्टीपेक्षा जवळपास अर्ध्या सुराने चढा ऐकत होतो, आणि पुढे सीडी हाती आली तेव्हा मला वाटले की कोणीतरी या सगळ्या मंडळींना झोपेतून उठवून वाजवायला बसवले आहे. आज हे लिहिण्याचे कारण असे की या अल्बमला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत, आणि त्याच्याविषयी इतक्या वर्षांत मी जे काही वाचले त्यात त्याच्याकडे दोनच दृष्टींनी पाहिलेले आढळले. काहींना तो हॅकेट ज्यात वाजवत असे त्या जेनेसिस या बँडचा हरवलेला अल्बम वाटतो, तर काहींना गिटारवादकाच्या अल्बममध्ये गिटार इतकी कमी का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते ही दोन्ही मोजमापे त्याला लागू पडत नाहीत. ही एका साथीदाराची मैफल आहे, आणि ती तशीच ऐकली पाहिजे.

साथीदार म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही. चांगला पेटीवाला गवयाच्या मागोमाग जातो, त्याने सोडलेली जागा भरतो, पण त्याने मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा मात्र भरत नाही. या अल्बमपर्यंत हॅकेटने जेनेसिसमध्ये जवळपास पाच वर्षे हेच काम केले. त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १९५० चा, लंडनमधला. डिसेंबर १९७० मध्ये त्याने 'मेलडी मेकर' या साप्ताहिकात एक छोटी जाहिरात दिली होती, आणि साचलेल्या संगीतप्रकारांच्या पलीकडे जाऊ इच्छिणारे संगीतकार आपल्याला हवे आहेत, असा तिचा आशय होता. तिला जेनेसिसचा गायक पीटर गॅब्रिएल याने उत्तर दिले आणि जानेवारी १९७१ मध्ये हॅकेट त्या बँडमध्ये दाखल झाला. चष्मा, दाढी, स्टुलावर बसून मान खाली घालून वाजवणे, अशी त्याची त्या काळातली छायाचित्रे आहेत. शेजारी गॅब्रिएल लाल पोशाख आणि कोल्ह्याचे मुंडके घालून उभा असे, तेव्हा स्टुलावर बसलेल्या माणसाकडे कोण पाहणार? पण त्या माणसाने १९७१ च्या 'नर्सरी क्राइम' या अल्बममध्ये उजव्या हाताची बोटे थेट गिटारच्या पट्टीवर आपटून सूर काढण्याची पद्धत वापरली होती. हिलाच पुढे टॅपिंग म्हणू लागले, आणि सामान्य रॉकश्रोत्याला ती कळली ती १९७८ मध्ये व्हॅन हेलन या बँडचा पहिला अल्बम आल्यावर.

जेनेसिसच्या १९७२ च्या 'फॉक्सट्रॉट' मध्ये 'होरायझन्स' नावाची त्याची एक छोटीशी एकल रचना आहे. बाखच्या चेलोसाठी लिहिलेल्या पहिल्या सुइटच्या प्रारंभावरून ती सुचलेली आहे आणि ती दोन मिनिटांच्या आत संपते. तिच्यानंतर लगेच तेवीस मिनिटांची 'सपर्स रेडी' सुरू होते, त्यामुळे पुष्कळांच्या लेखी ती दारातली रांगोळी ठरली. मला तिच्यात या पुढच्या अल्बमचे बीज दिसते. त्या बँडमध्ये तोवर रचनांचे श्रेय सगळ्यांच्या नावावर सामाईक दिले जात असे. त्यामुळे कोणाचे काय हे बाहेरच्याला कळत नसे, आणि आतल्यांना मात्र ते पुरेपूर कळत असणार.

आता १९७५ सालाकडे येतो. गॅब्रिएलने आपण बँड सोडणार असल्याचे सहकाऱ्यांना नोव्हेंबर १९७४ मध्येच, अमेरिकेच्या दौऱ्यात सांगितले होते. ठरलेला दौरा त्याने पुरा केला आणि तो मे १९७५ मध्ये फ्रान्समध्ये संपला. ही बातमी जगाला कळली ऑगस्टमध्ये. मधल्या काळात, म्हणजे बँडला गायक नाही, पुढे काय होईल याचा भरवसा नाही आणि बाहेर कोणाला काही सांगायचे नाही अशा अवस्थेत, हॅकेटने जून आणि जुलै या दोन महिन्यांत लंडनच्या किंग्जवे रेकॉर्डर्स या स्टुडिओत जाऊन हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. तो ऑक्टोबर १९७५ मध्ये टोनी स्ट्रॅटन-स्मिथ यांच्या करिझ्मा रेकॉर्ड्सने काढला. जेनेसिसच्या मुख्य पाच जणांपैकी कोणाचाही हा पहिलाच एकल अल्बम. गायकाचा नाही, की रचनांवर सर्वांत जास्त हुकूमत असलेल्या कीबोर्डवादकाचाही नाही. स्टुलावर बसणाऱ्याचा.

नावातल्या 'अ‍ॅकोलाइट' या शब्दाला आपल्याकडे चपखल प्रतिशब्द नाही. चर्चमध्ये पूजाविधीच्या वेळी धर्मगुरूच्या हाताखाली मेणबत्त्या वगैरे सांभाळणारा जो मुलगा असतो तो अ‍ॅकोलाइट. 'शागीर्द' हा शब्द जवळचा वाटतो, पण त्यात गुरूकडून शिकण्याचा भाग जास्त आहे आणि बाजूला उभे राहून विधी पाहण्याचा कमी. अल्बममधील रचनांची नावे टॅरोच्या पत्त्यांवरून घेतलेली आहेत: छड्यांचा एक्का, पुजारीण, कोसळलेला मनोरा, संन्यासी, तारा, प्रेमी युगुल आणि शेवटी हायरोफंट म्हणजे धर्माचार्य. भविष्य सांगण्याच्या पत्त्यांवर माझा कवडीचाही विश्वास नाही, आणि अल्बम ऐकताना त्याची गरजही पडत नाही. हे पत्ते म्हणजे शब्दांशिवायच्या रचनेला एकेक भाव नेमून देण्याची सोय आहे. मुखपृष्ठ किम पूर या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या चित्रकर्तीचे आहे. पुढे तिचे आणि हॅकेटचे लग्न झाले आणि कितीतरी वर्षे त्याच्या अल्बमांना तिच्याच चित्रांचा चेहरा होता.

साथीला कोण होते हे पाहिले की 'हरवलेला जेनेसिस अल्बम' हे वर्णन कोठून आले ते लक्षात येते. ड्रमवर फिल कॉलिन्स, बासवर माइक रदरफोर्ड. म्हणजे पाचांपैकी तिघे तेथे होतेच. परंतु बाकीची नावे वेगळीच दिशा दाखवतात. स्टीव्हचा धाकटा भाऊ जॉन हॅकेट बासरीवर, रॉबिन मिलर ओबो आणि कोर अंग्ले या सनईसारख्या वाद्यांवर, नायजेल वॉरन-ग्रीन चेलोवर, दोन गाण्यांपुरते पर्सी जोन्स आणि जॉन गुस्टाफसन हे दोन निराळे बासवादक, आणि एका गाण्याला सॅली ओल्डफील्डचा आवाज. ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळणारा जॉन एकॉक हाच कीबोर्डही वाजवतो आणि निर्मितीतही हॅकेटचा भागीदार आहे. मेलोट्रॉन हे वाद्य, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे ध्वनिफितीचा एकेक तुकडा बसवलेली ती विचित्र पेटी, जेनेसिसने घ्यावी यासाठी हॅकेटनेच आग्रह धरला होता. येथे तिचा मनमुराद वापर आहे.

पहिली रचना 'एस ऑफ वाँड्स' साडेपाच मिनिटांच्या आत इतक्या वेळा चाल बदलते की पहिल्या ऐकण्यात दमछाक होते. इतक्या वर्षांनंतरही मला ती थोडी अधीर वाटते. खूप काळ बोलू न दिलेला माणूस माइक हाती आल्यावर सगळे एकदम सांगू पाहतो, तसे काहीसे तिच्यात आहे. तिच्यामागून 'हँड्स ऑफ द प्रीस्टेस' चा पहिला भाग येतो आणि अल्बम खऱ्या अर्थाने तेथे सुरू होतो. भावाची बासरी पुढे आहे आणि गिटार मागे आहे. गिटारच्या तारेवर आघात झाल्याचा क्षणच ऐकू येत नाही, कारण पायाखालच्या पेडलने आवाज शून्यावर आणून तार छेडायची आणि मग हळूहळू आवाज वर न्यायचा, अशी ही युक्ती आहे. छेडलेल्या तारेचा आघात निघून गेला की उरतो तो गजाने काढल्यासारखा सूर. मला तेव्हा हे तंत्र ठाऊक नव्हते, त्यामुळे ते सारंगीसारखे एखादे वाद्य असावे असे मी एका मित्राला छातीठोकपणे सांगितले होते.

मग 'अ टॉवर स्ट्रक डाउन'. हीच ती आजीची किंचाळी. खर्जातला बोजड, अडखळत चालणारा पवित्रा, गर्दीच्या आरोळ्या आणि शेवटी काहीतरी कोसळल्याचा प्रचंड आवाज. एकट्याने ऐकायला ही रचना मला कधीच फारशी आवडली नाही. पण तिची जागा पाहा. कोसळण्याचा आवाज विरल्यावर पुजारिणीचा दुसरा भाग येतो, तोही दीड मिनिटाचाच, आणि मघाची बासरी जणू त्या ढिगाऱ्यावरून चालत परत येते. पहिला आणि दुसरा भाग एकमेकांना जोडून ठेवले असते तर पाच मिनिटांची एक सुरेख, निरुपद्रवी रचना झाली असती. मध्ये मनोरा पाडल्यामुळे दुसऱ्या भागाला जी किंमत येते, ती त्या सुरांची स्वतःची नाही, त्या जागेची आहे. बंदिशीतला एकच शब्द स्थायीत आणि अंतऱ्यानंतर वेगळा का लागतो हे ज्याने मैफलीत अनुभवले आहे त्याला याचे स्पष्टीकरण नको.

'द हर्मिट' मध्ये हॅकेट स्वतः गायला आहे. त्याचा आवाज बारीक आहे, जपून लावलेला आहे, आणि तो सुरात असूनही भिजलेला नाही. गाण्याचा खरा आनंद शेवटच्या भागात आहे, जेथे आवाज बाजूला होतो आणि गिटारवर ओबो-कोर अंग्लेचे सूर तरंगत राहतात. 'स्टार ऑफ सिरियस' हे त्यातले सर्वांत 'गाणे' म्हणावे असे गाणे, आणि ते फिल कॉलिन्सने गायले आहे. त्या वेळी जेनेसिसला गायक सापडत नव्हता. तो शेजारीच ड्रमवर बसला आहे हे त्यांना पुढे कळले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये आलेल्या 'अ ट्रिक ऑफ द टेल' मध्ये तोच मुख्य गायक म्हणून उभा राहिला. हॅकेटने त्याला काही महिने आधीच माइकसमोर उभे केले होते, ही गोष्ट मला या अल्बमच्या कोणत्याही सोलोपेक्षा जास्त बोलकी वाटते. स्वतःच्या मैफलीतसुद्धा दुसऱ्याचा गळा कोठे खुलेल हे पाहणे, हे साथीदाराचेच डोळे. 'द लव्हर्स' विषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन मिनिटांच्या आत संपते, आणि संपावे इतपतच आहे.

शेवटची रचना 'शॅडो ऑफ द हायरोफंट' जवळपास पावणेबारा मिनिटांची आहे. ती हॅकेट आणि रदरफोर्ड यांची मिळून आहे, आणि तिचा काही भाग जेनेसिसने 'फॉक्सट्रॉट' च्या काळात वाजवून पाहून बाजूला ठेवला होता. पहिल्या अर्ध्यात सॅली ओल्डफील्डचा उंच, थंड आवाज आणि त्याला तोडून येणारी मेलोट्रॉन-गिटारची लाट असा खेळ आहे. मध्ये टॅपिंगने काढलेली वेगवान सुरावट येते. नंतर सगळे थांबते, आणि घंटेसारख्या बारीक आवाजात एक छोटी सुरावट सुरू होते. ती संपते आणि पुन्हा पहिल्यापासून येते, पुन्हा येते, आणि मिनिटामिनिटाने तिच्याभोवती आवाज वाढत जातो. पायाने वाजवायच्या पट्ट्यांवरचा खर्ज येतो, मेलोट्रॉन येते, आणि कॉलिन्सचे ड्रम आरंभी सभ्यपणे आणि नंतर अधिकाधिक अनावरपणे त्यात शिरतात. गिटारवादकाच्या पहिल्या अल्बमचा हा शेवट आहे, आणि त्यात गिटार एकदाही सगळ्यांना मागे सारून पुढे येत नाही.

हा भाग मला उलगडला तो माझ्या तबलजी मित्रामुळे. दिवाळीतल्या पाडव्याला पिंपळपारावर पहाटेचे गाणे असते. ते ऐकून आम्ही दोघे माझ्या घरी चहाला आलो होतो, आणि त्याच्या कानावर ही रचना मी जवळजवळ जबरदस्तीने घातली. सॅली ओल्डफील्डच्या वेळी तो वर्तमानपत्र वाचत होता. शेवटचा भाग सुरू झाल्यावर दोन-तीन आवर्तनांत त्याने वर्तमानपत्र खाली ठेवले आणि मांडीवर हाताने मोजायला लागला. "अरे, हा तर नगमा धरलाय," तो म्हणाला. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच सुरावट अखंड वाजवत राहतो आणि तबलजी तिच्या अंगावर पेशकार, कायदे, रेले रचत जातो. त्या सुरावटीला नगमा किंवा लेहरा म्हणतात. येथे बाकी सगळ्यांनी मिळून नगमा धरला आहे आणि तबलजीच्या जागी कॉलिन्स आहे. ज्याच्या नावाची मैफल आहे तो पेटीवाल्याच्या जागी जाऊन बसला आहे. इतकी वर्षे मला जो शेवट भव्य वाटत होता तो नेमका कशामुळे, हे त्या एका वाक्याने कळले. हॅकेटला तबल्याचा एकलवादनप्रकार ठाऊक होता असे मला मुळीच सुचवायचे नाही. आवर्तन स्थिर ठेवले की त्यावरचा बदल मोठा दिसतो ही गोष्ट ज्याला त्याला आपापल्या वाटेने सापडत असावी.

अल्बमचे स्वागत कसे झाले? इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत तो २६ व्या क्रमांकापर्यंत पोहोचला, आणि अमेरिकेत १९१ व्या. अमेरिकेतला आकडा म्हणजे यादीच्या दारात उभे राहून परत जाणे. इंग्लंडमधला आकडा मात्र, ज्याचा चेहरा कोणाला नीट आठवत नव्हता अशा गिटारवादकाच्या आणि बहुतांशी शब्दांविना असलेल्या अल्बमसाठी, मुळीच वाईट नव्हता. तुलनाही हाताशी आहे. त्याच ऑक्टोबर १९७५ मध्ये येस या बँडचा गिटारवादक स्टीव्ह हाउ याचा 'बिगिनिंग्ज' हा पहिला एकल अल्बम आला. येसच्या पाचही जणांनी त्या सुमारास एकेक एकल अल्बम काढला, त्यातलाच हा एक. हाउ त्या वेळी हॅकेटपेक्षा कितीतरी प्रसिद्ध होता, त्याच्यामागे रॉजर डीनचे मुखपृष्ठ होते, बिल ब्रुफर्ड आणि अ‍ॅलन व्हाइट यांच्यासारखे ड्रमवादक होते, आणि तरीही तो इंग्लंडमध्ये २२ व्या क्रमांकापर्यंतच गेला. म्हणजे दोघांत चार पायऱ्यांचे अंतर. हाउने गाणी बहुतेक स्वतःच गायली, आणि त्याच्या गाण्यावर जी टीका झाली ती आजही त्या अल्बमचा उल्लेख आला की आधी आठवते. त्याचे वादन उत्तम आहे. पण त्याने मैफलीत मुख्य गवयाची जागा घेतली आणि तेथे गळा उघडा पडला. हॅकेटने एका गाण्यात दबकत गाऊन उरलेले काम कॉलिन्सला आणि सॅली ओल्डफील्डला दिले. दोघांच्या हातांत फारसा फरक नसेल. फरक जागा ओळखण्यात होता.

पुढे दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, हेच दोघे स्टीव्ह एकत्र आले आणि त्यांनी जी. टी. आर. नावाचा बँड काढला. 'गिटार' या इंग्रजी शब्दातले स्वर गाळून केलेले हे नाव. त्यांचा १९८६ मध्ये आलेला अल्बम अमेरिकेत ११ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यातले एक गाणे १४ व्या. 'म्युझिशियन' या मासिकात जे. डी. कॉन्सिडाइन या समीक्षकाने त्याचे परीक्षण तीन अक्षरांत उरकले: एस, एच, टी. त्यानेही मधला एक स्वर गाळला होता. रॉकच्या समीक्षेत इतके आखूड आणि इतके गाजलेले परीक्षण दुसरे माझ्या पाहण्यात नाही. मी तो अल्बम दोनदा पूर्ण ऐकला आहे आणि परीक्षण थोडे कठोर आहे, इतकेच म्हणेन. मुद्दा असा की १९१ व्या क्रमांकाचा अल्बम लोक अजून ऐकतात, आणि ११ व्या क्रमांकाचा अल्बम मुख्यतः त्या तीन अक्षरांमुळे आठवतात.

'व्हॉयेज' च्या स्वागताचा खरा परिणाम मात्र यादीबाहेर झाला, आणि तो जेनेसिसला भोवला. आपल्या एकट्याच्या नावावरचे काम लोक विकत घेतात हे एकदा कळल्यावर साथीदार पुन्हा पूर्वीसारखा साथीदार राहत नाही. 'अ ट्रिक ऑफ द टेल' आणि त्याच वर्षाच्या अखेरीचा 'विंड अँड वदरिंग' या दोन अल्बमांत हॅकेट आहे, आणि दुसऱ्यातल्या 'ब्लड ऑन द रूफटॉप्स' च्या आरंभीचे त्याचे नायलॉनच्या तारांवरचे वादन तर मला त्याच्या सर्वोत्तम क्षणांपैकी वाटते. पण त्याने आणलेल्या काही रचना बाजूला पडल्या. 'प्लीज डोन्ट टच' ही त्यांपैकी एक. ऑक्टोबर १९७७ मध्ये तो बाहेर पडल्याचे जाहीर झाले, आणि पुढच्या वर्षी नाकारलेल्या त्या रचनेचेच नाव त्याने आपल्या दुसऱ्या एकल अल्बमला दिले. उरलेल्या तिघांनी त्याच वर्षी आपल्या अल्बमला '... अँड देन देअर वेअर थ्री' असे नाव दिले. नाव ठेवण्यात दोन्ही बाजूंनी थोडा खवचटपणा होता, असे मला तरी वाटते.

त्यानंतरच्या जवळपास पन्नास वर्षांत त्याने इतके अल्बम काढले की त्यांतले सगळे माझ्याने ऐकून झालेले नाहीत. 'स्पेक्ट्रल मॉर्निंग्ज' (१९७९) हा बहुतेक रसिकांचा लाडका आहे आणि 'डिफेक्टर' (१९८०) इंग्लंडमध्ये ९ व्या क्रमांकापर्यंत गेला. १९८१ च्या 'क्युअर्ड' मध्ये मुख्य गायनाची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली आणि ड्रमचे काम बहुतांशी यंत्राकडे दिले. तो मला मानवत नाही. ज्याने कॉलिन्सला माइक दिला होता त्याने यंत्राला काठ्या द्याव्यात, हे माझ्या पचनी पडलेले नाही. २०१९ च्या 'अ‍ॅट द एज ऑफ लाइट' मध्ये शीमा मुखर्जी यांची सतार आहे, ती ऐकून माझ्या तबलजी मित्राने पुन्हा एकदा वर्तमानपत्र खाली ठेवले, पण या खेपेला दोनच मिनिटे. २०२४ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, 'द सर्कस अँड द नाइटव्हेल' आला. आता तो स्टुलावर बसत नाही, उभा राहून, लोकांकडे पाहून वाजवतो.

आमच्या शहरात हा अल्बम ऐकणारी माणसे किती असतील? माझ्या ओळखीची पाच आहेत. त्यांतल्या एकाने तो गंगापूर रोडवरच्या आपल्या दुकानात एकदा लावला होता, आणि मनोरा कोसळल्यावर एक गिऱ्हाईक बाहेर जाऊन गाडी पाहून आले. अशा श्रोत्यांच्या गावात एखाद्या अल्बमचे 'स्वागत' म्हणजे काय, तर कॅसेट एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. माझी कॅसेट अशी दोन वर्षे बाहेर होती आणि परत आली तेव्हा 'शॅडो ऑफ द हायरोफंट' च्या मध्यावर फीत चुरगळलेली होती. सॅली ओल्डफील्डचा आवाज तेथे क्षणभर पाण्याखाली जातो. आता मूळ रचना ऐकतानाही त्या ठिकाणी माझा कान पाण्याची वाट पाहतो.

मूळ तबकडीवर शेवटचा नगमा टिपेला पोहोचत असतानाच आवाज हळूहळू कमी होत विरतो. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटेच नीट मावतात, आणि ही बाजू तशीही वीस मिनिटांच्या पुढे गेलेली होती. २००५ साली अल्बमची जी नवी आवृत्ती निघाली तीत या रचनेचे सुमारे सतरा मिनिटांचे विस्तारित रूप जोडलेले आहे, आणि त्यात तो शेवट कितीतरी वेळ चालत राहतो. मला ती आवृत्ती मिळाली तेव्हा मी मोठ्या उत्साहाने मामांना ऐकवायला घेऊन गेलो. ते तेव्हा निवृत्त होऊन नाशिक रोडला राहायला आले होते. त्यांनी डोळे मिटून सतराही मिनिटे ऐकली. संपल्यावर काही वेळ बोलले नाहीत, म्हणून मीच विचारले, "मामा, कसं वाटलं तुम्हाला?"

"चांगलं आहे की," ते म्हणाले. "पण पहिल्यात ते लांब जात जात ऐकू येईनासं व्हायचं ना, त्याच्यानंतर मी कॅसेट लगेच उलटायचो नाही. यात उलटायला काही उरलंच नाही."

मग त्यांनी पलुसकरांची बाजू अजून वाजते का, ते विचारले. वाजते, अर्ध्या सुराने चढी.